एक पिस्तूल, दोन डोळे: मागची साईट निवडताना आम्ही घातलेला घोळ

पिस्तूल एक आणि मारणारे दोघं, इथूनच सगळं सुरू झालं. पोरगी पंधरा वर्षांची, तिला १० मीटर एअर पिस्तूलच्या मॅचेस खेळायच्या असतात, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, मला कुठं काही जिंकायचं नाही पण रविवारी रेंजवर चाळीस शॉट मारल्याशिवाय आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. आम्ही कोल्हापूरचे. इथं नेमबाजीचं वेड नवीन नाही, राही सरनोबतपासून पोरींना पिस्तूल माहीत आहे, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आल्यावर तर गल्लीतल्या आज्ज्यापण विचारायला लागल्या की काय गं तुझं कसं चाललंय. (स्वप्नील रायफलवाला, त्याची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, वेगळी, भोकातून बघायची. पिस्तूलला ते चालत नाही. पण आज्जीला हे कोण समजावणार.)

पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं. सिलेंडरवालं, युरोपियन, बॅरल चांगली, ट्रिगर चांगला, ५०० ग्रॅम वजन पेलायच्या टेस्टला बरोबर पास होतो. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष कंपनीचा नव्हता, आमच्या आधी कुणी किती वर्षं वापरलं आणि कसं वापरलं देव जाणे. दोष होता मागच्या साईटमध्ये. खाच फिक्स, ३.४ मिलीमीटर रुंद, आणि वरखाली-डावंउजवं करायचे दोन स्क्रू, दोन्हीला क्लिक होते पण क्लिक म्हणजे नुसता आवाज, आतमध्ये काय हलतंय आणि काय नाही याचा भरवसा नाही.

दोघांनी एक पिस्तूल वापरायचं म्हणजे प्रत्येक वेळी झिरो बदलायचा, म्हणजे नेम धरल्यावर शॉट मधोमध लागेल अशी साईटची सेटिंग. माझी पकड वेगळी, तिची वेगळी, ट्रिगरवर बोट ठेवायची जागा वेगळी, त्यामुळं माझ्या सेटिंगवर तिनं मारलं की ग्रुप (शॉटच्या छिद्रांचा पुंजका) उजवीकडं खाली जातो. हिशोब ठरलेला होता: माझ्यानंतर ती आली की सहा क्लिक डावीकडं, अकरा वर. तिच्यानंतर मी आलो की उलटं. पिस्तूलच्या पेटीच्या झाकणाला आतून मास्किंग टेप लावून त्यावर हे लिहून ठेवलेलं. कागदावर एकदम सोपं. प्रत्यक्षात दर रविवारी पहिले दहा-बारा पेलेट (छर्रे) झिरो शोधण्यातच जायचे, आणि पोरगी म्हणायची, "पप्पा, तुम्ही परत क्लिक चुकलात." मी शपथेवर सांगत होतो की मोजून फिरवलेत. दोघंही बरोबर होतो.

एका शनिवारी पिस्तूल घेऊन उद्यमनगरला, इथल्या कारखान्यांच्या भागात, मित्राच्या वर्कशॉपमध्ये गेलो. पिस्तूल रिकामं, सिलेंडर काढलेला, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग, आणि तरी त्याच्या कामगारांना आधी सांगितलं की बाबांनो हे खेळायचं हत्यार आहे, घाबरू नका. मित्रानं पिस्तूल रबर लावून व्हाइसमध्ये धरलं आणि साईटच्या पट्टीला डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं यंत्र) लावला. दहा क्लिक वर: ०.५० मिलीमीटर, म्हणजे एक क्लिक ०.०५, छान. दहा क्लिक खाली: काटा शून्यावर यायला पाहिजे तर तो ०.११ वर अडकला. परत केलं, ०.०९. परत केलं, ०.१२. मग त्यानं नुसतं बोटानं पट्टी आडवी ढकलली तर ०.०८ हलली. म्हणाला, "अरे ही साईट आहे का दाराची कडी?"

आता हे ०.११ म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे आणि प्रत्येक पिस्तूलवाल्यानं एकदा तरी करून बघावा. पुढच्या साईटपासून मागच्या साईटपर्यंतचं अंतर आमच्या पिस्तूलला ३३० मिलीमीटर. टार्गेट १०,००० मिलीमीटरवर. म्हणजे मागच्या साईटवर जे काही होतं ते टार्गेटवर साधारण तीसपट होऊन दिसतं. ०.११ चे झाले ३.३ मिलीमीटर, बोटानं हलणारे ०.०८ चे झाले २.४. दहाचं वर्तुळ किती मोठं? ११.५ मिलीमीटर व्यास. पेलेट ४.५ चं, रेघेला टेकलं तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचं केंद्र मधल्या बिंदूपासून ८ मिलीमीटरच्या आत पाहिजे. एक सरक उभी, दुसरी आडवी, दोन्ही तिरक्या मिळून त्या ८ मधले चारएक आमची साईटच खाऊन टाकायला बसलेली, हात हलायचा तो वेगळाच.

त्यामुळं साईट बदलायची हे ठरलं. कोणती घ्यायची, इथं खरा घोळ झाला.

पर्याय समोर तीन होते. एक, रेंजवरचा एक जण आपलं जुनं पिस्तूल मोडीत काढत होता, त्याची मागची साईट आमच्या पिस्तूलला बसत होती, खाचेची रुंदी कमीजास्त करता येणारी, स्वस्तात देत होता. दोन, त्याच कंपनीची नवीन पूर्ण साईट मागवायची, रुंदीला वेगळा स्क्रू, क्लिक बारीक, आणि किंमत अशी की बायकोला सांगताना आधी चहा करून द्यावा लागला. तीन, मित्राचा पर्याय: आहे त्याच साईटचा स्प्रिंग बदलू, फिट घट्ट करू, आणि खाचेच्या पट्ट्या वायरकटवर (तारेनं धातू कापायचं मशीन) वेगवेगळ्या मापाच्या कापून देतो, चहावर काम.

मी माणूस उतावळा. पहिल्यावर उडी मारणार होतो, रुंदी बदलता येते म्हणजे झालं, आणखी काय पाहिजे. रेंजवर शिकवणाऱ्या आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "किती रुंद पाहिजे?" मी म्हटलं, "आत्तापेक्षा जास्त." सर म्हणाले, "मग चप्पल पण अशीच घेता का, आत्तापेक्षा मोठी?"

गप्प बसलो. आणि खरंच, मला माहीतच नव्हतं मला काय पाहिजे.

ज्यांनी पिस्तूल हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एअर पिस्तूलला नियमानं फक्त उघडी साईट चालते, दुर्बीण नाही, लेझर नाही, आरसा नाही, काही नाही. पुढं एक काळा चौकोनी खांब, मागं एक पट्टी आणि तिला चौकोनी खाच. खाचेतून बघितल्यावर खांब मधोमध दिसला पाहिजे, त्याचा माथा पट्टीच्या माथ्याला समपातळीत, आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन सारख्या फटी. त्या दोन फटी सारख्या ठेवणं हाच अर्धा खेळ आहे. अर्ध्याहून जास्तच म्हणा. कारण हात सगळा सरळ तीन मिलीमीटर बाजूला सरकला तर शॉटही तीनच मिलीमीटर बाजूला जातो, पण मनगट एवढंसं वळून खांब खाचेत ०.३ नं एका बाजूला गेला की टार्गेटवर ९ मिलीमीटर, दहा गेला. पोरगी पहिल्या वर्षी टार्गेटकडं बघायची आणि साईटकडं नाही, सगळीच नवीन पोरं तसं करतात, काळा गोल एवढा छान दिसतो की नजर तिकडंच पळते.

तर फट किती असावी? इथं हाताची लांबी आली, आणि हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आमचा पुढचा खांब ४.५ मिलीमीटर रुंद. माझ्या डोळ्यापासून मागची साईट ६० सेंटीमीटरवर, पुढची ९३ वर. लांबची वस्तू बारीक दिसते, म्हणजे तो ४.५ चा खांब मला खाचेच्या जागी २.९ एवढा दिसतो. खाच ३.४. उरले ०.५, प्रत्येक बाजूला पाव मिलीमीटर. पोरीचा हात आखूड, तिच्या डोळ्यापासून मागची साईट ५२ वर आणि पुढची ८५ वर. तिला तोच खांब २.७५ दिसतो, फट प्रत्येक बाजूला ०.३२ च्या आसपास. म्हणजे एकच पिस्तूल, एकच खाच, आणि तिला माझ्यापेक्षा तीस टक्के जास्त उजेड! मी उगाच वर्षभर म्हणत होतो की पोरीचे डोळे चांगले म्हणून तिला दिसतं. डोळे चांगले आहेतच, पण हात आखूड हेही आहे.

आणि माझे डोळे. चाळिशी लागून सहा वर्षं झाली. ६० सेंटीमीटरवरची खाच मला धुरकट दिसते, आणि धुरकट कडा फटीचा उजेड दोन्हीकडून खातात. पाव मिलीमीटरची फट कुठली आणि काय, दोन राखाडी रेघा दिसायच्या. वाचायचा चष्मा लावून तर काहीच उपयोग नाही, त्यानं पुस्तक दिसतं आणि टार्गेट बटाट्यासारखं होतं. चष्मेवाल्याला सगळं मापासकट सांगितल्यावर त्यानं लांबच्या नंबरमध्ये अधिक ०.७५ मिळवून एक काच करून दिली, त्यानं पुढचा खांब बराच सुधारला. खाच तशीच धुरकट राहिली, ती राहणारच, एका वेळी तिन्ही गोष्टी कुणालाच स्पष्ट दिसत नाहीत. चष्म्यावर छोट्या भोकाची झडप लावायला नियमात परवानगी आहे, तीही लावून बघितली, चांगली आहे पण आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी उजेडच एवढा कमी की भोक बारीक केलं की सगळं मावळतं. हे विषयांतर झालं पण सांगायचं एवढंच की वयस्क माणसानं साईटवर पैसे घालायच्या आधी डोळ्यावर घालावेत, ते स्वस्त पडतं.

परत साईटकडं. सरांच्या चपलेच्या टोमण्यानंतर मित्राचा तिसरा पर्याय मी खरेदी म्हणून नाही तर माप घ्यायचं साधन म्हणून वापरायचं ठरवलं. त्यानं एक मिलीमीटरच्या स्टीलच्या चार पट्ट्या वायरकटवर कापल्या: ३.४ (जुनीच, तुलनेसाठी), ३.८, ४.२ आणि ४.६. खाचेच्या कडांना पुढून, बॅरलच्या बाजूनं, थोडी उतरण दिली म्हणजे नेमबाजाच्या बाजूला धारदार कड येते आणि खाचेच्या आतल्या भिंतीवर उजेड चमकत नाही. मग ब्लॅकोडाइज करून, म्हणजे रसायनानं काळ्या करून आणल्या. तरी ट्यूबलाईटखाली चमकायच्या, तेव्हा सरांनी जुना उपाय सांगितला, कापूर. देवघरातला कापूर पेटवून त्याच्या धुरावर पट्टी धरली की मखमलीसारखी काळी काजळी बसते, उजेड अजिबात परत येत नाही. पट्टी काढून, पिस्तूलपासून लांब, आणि बोट लावायचं नाही, नाहीतर ठसा उमटतो. आमच्या हिनं कापराचा डबा रिकामा बघून विचारलं की आरती किती वेळा केली.

टेस्ट अशी केली. टार्गेटचं कार्ड उलटं लावायचं, पांढरी बाजू पुढं. काळा गोल नाही, नेम धरायला काही नाही, फक्त साईट सरळ ठेवून शॉट सोडायचा. असं केलं की साईटबद्दलच कळतं, बाकीचा गोंधळ बाहेर राहतो. कोणती पट्टी लावली ते पोरीला सांगायचं नाही, मी लावणार, ती मारणार, आणि मग मी मारताना ती लावणार. चार रविवार, प्रत्येक पट्टीवर प्रत्येकी वीस शॉट, दर रविवारी क्रम बदलून, कारण शेवटच्या पट्टीला हात दमलेला असतो. आडवा पसारा व्हर्नियरनं मोजायचा. आणि एक गोष्ट पोरीच्या सुचवण्यावरून घेतली, तिनं मोबाईलवर व्हिडिओ काढून प्रत्येक शॉटला हात खाली येऊन स्थिर झाल्यापासून शॉट सुटेपर्यंत किती सेकंद लागले ते मोजलं. मला वाटलं उगाच काहीतरी. सगळ्यात उपयोगी आकडा तोच निघाला.

पोरीचं असं झालं. ३.४ वर तिचा आडवा पसारा चांगला होता, म्हणजे ग्रुप घट्ट, पण शॉटला बारा-तेरा सेकंद लागत होते आणि वीसमधले तीन-चार शॉट सोडून द्यायला लागायचे, हात खाली घ्यायचा आणि परत उचलायचा. बारीक फटीत एवढासा फरकपण मोठा दिसतो, मग ती तो दुरुस्त करत बसते, दुरुस्त करेपर्यंत श्वास संपतो, हात थरथरायला लागतो, आणि मग ट्रिगर ओढला जातो. ३.८ वर पसारा जवळजवळ तेवढाच आणि वेळ आठ सेकंदांवर. ४.२ वर वेळ सात, पण पसारा थोडा वाढला. ४.६ वर ती स्वतःच म्हणाली, "पप्पा ह्यात खांब पोहतोय." बरोबर आहे, तिच्या हिशोबानं फट खांबाच्या एक तृतीयांश झाली होती.

माझं उलटं. ३.४ वर पसारा सगळ्यात वाईट, ४.२ वर सगळ्यात चांगला, ४.६ वर त्याच्या मागोमाग. ३.८ मध्ये सकाळी चांगलं आणि संध्याकाळी वाईट, म्हणजे उजेडावर अवलंबून. चाळीस शॉटच्या मॅचमध्ये माझे किती गुण वाढले वगैरे मी सांगत नाही, चार रविवारांत माणसाची सवयपण सुधारते, आणि आमच्यासारख्यांचे आकडे वाऱ्यावर हलतात. पण एवढं कळलं की तिला ३.८ ते ४.० च्या मधलं काहीतरी आणि मला ४.२ ते ४.६ च्या मधलं. एकच फिक्स खाच दोघांना चालणार नाही. म्हणजे रुंदी बदलता येणारी साईट ही चैन नव्हती, गरज होती, आणि आता ती का पाहिजे ते आम्हाला माहीत होतं.

मधल्या काळात अजून एक गोष्ट घडली जिनं निवड अजून अवघड केली. सरांनी पोरीला नेम धरायची जागा बदलायला सांगितली. आधी ती काळ्या गोलाच्या बुडाला खांब टेकवायची, सहा वाजताच्या जागी म्हणतात तसं. त्यात होतं काय की खांब काळा, गोल काळा, दोन्ही टेकले की कुठं संपलं आणि कुठं सुरू झालं ते कळत नाही, आणि नजर तिथंच चिकटते. सर म्हणाले खाली ये, मध्ये पांढरं सोड, भरपूर. तिनं साधारण २५ मिलीमीटर सोडलं. आता नेम खाली गेला म्हणजे झिरो तेवढाच वर न्यायला पाहिजे. मागची साईट वर केली की शॉट वर जातो, २५ भागिले तीस, म्हणजे ०.८३ मिलीमीटर वर, आमच्या जुन्या साईटचे सोळा-सतरा क्लिक. फिरवायला गेलो तर नऊ क्लिकनंतर स्क्रू संपला. पुढं जागाच नाही. दोन रविवार पोरगी अर्धवट जागी नेम धरून मारत होती आणि दोन्हीकडून वैतागली होती.

तर आता यादी तयार झाली, आणि ती दुकानाच्या कॅटलॉगमधून नाही तर आमच्या भांडणातून तयार झाली. क्लिक परत जागेवर आले पाहिजेत. वर जायला अजून किमान एक मिलीमीटर जागा पाहिजे. रुंदी ३.८ पासून ४.६ पर्यंत बदलता आली पाहिजे. पट्टी रुंद आणि माथा सपाट पाहिजे, कारण पिस्तूल एका बाजूला कललं तर ते सपाट माथ्यावरच कळतं. आणि साईट लावल्यावर पिस्तूल नियमाच्या पेटीत बसलं पाहिजे, ४२० बाय २०० बाय ५० मिलीमीटर. हे शेवटचं लोक विसरतात. मागं सरकवता येणारी साईट असते, अंतर वाढतं म्हणून सगळं मागं ओढून ठेवतात, आणि मॅचच्या दिवशी तपासणीत पेटीचं झाकण लागत नाही.

यादी घेऊन मी पहिल्या पर्यायाकडं, म्हणजे त्या जुन्या साईटकडं परत गेलो. विकणाऱ्यानं दोन दिवस वापरायला दिली, माणूस दिलदार. क्लिक एकदम कडक, डायलवर दहा जाऊन दहा परत आले, जागापण भरपूर. मी जवळजवळ पैसे काढले होते. मित्र म्हणाला थांब, रुंदीचा स्क्रू फिरवून बघू. फिलर गेज (ठरलेल्या जाडीच्या मापाच्या पट्ट्या) घालून ४.० ला सेट केली, डायल लावला, मग ४.४ ला केली. आणि तिथं कळलं की तिची एकच भिंत हलते. डावी भिंत जागेवर, उजवी भिंत उघडते. ०.४ नं रुंद केली तर खाचेचं केंद्र ०.२ नं उजवीकडं गेलं. तीसपट करा. सहा मिलीमीटर!

म्हणजे माझ्यासाठी रुंद केली की झिरो सहा मिलीमीटर सरकणार, तिच्यासाठी बारीक केली की परत उलटा, आणि ते आमच्या त्या सहा डावीकडं, अकरा वरच्या हिशोबात मिळवायचं. एकटा माणूस एकदा सेट करून सोडणार असेल तर ही साईट उत्तम आहे, काही वाईट नाही तिच्यात, आणि नंतर ती रेंजवरच्या एका मुलानं घेतलीपण, खूश आहे तो. आमच्या घरात तिनं भांडणं वाढवली असती.

नवीन साईटमध्ये दोन्ही भिंती एकाच स्क्रूवर एकदम उघडतात, केंद्र हलत नाही. हे मी ऑर्डर करायच्या आधी तीन वेळा विचारून घेतलं, विकणाऱ्या माणसाला वाटलं असेल हा काय वेडा आहे, रुंदी बदलते म्हटलं ना. आल्यावर आधी उद्यमनगर, मग रेंज. डायलवर एक क्लिक ०.०४, टार्गेटवर सव्वा मिलीमीटरच्या आसपास, वीस वर वीस खाली, काटा शून्यावर येऊन थांबला, ०.०१ चासुद्धा वाद नाही. रुंदी ४.० वरून ४.४ केली, केंद्र ०.०२ हललं. मित्र म्हणाला हे माझ्या गेजचंपण असू शकतं.

रेंजवर चौकोनाची टेस्ट केली. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच शॉट, मग वीस क्लिक उजवीकडं आणि पाच, मग वीस वर आणि पाच, मग वीस डावीकडं आणि पाच, शेवटी वीस खाली आणि पाच. नेम कायम एकाच जागी. शेवटचा ग्रुप पहिल्याच्या डोक्यावर बसला पाहिजे. बसला. जुन्या साईटवर हीच टेस्ट केली होती तेव्हा चौकोनाऐवजी दार उघडं राहिलेल्या घरासारखं काहीतरी झालं होतं, ते कार्ड अजून फ्रिजवर लावलेलं आहे.

खाचेची खोली हा एक विषय राहिला, त्यावर मी फार बोलत नाही कारण माझं मत अजून पक्कं नाही. पोरीला उथळ आवडते, तिच्या म्हणण्यानं उथळ खाचेत नजर आपोआप माथ्याच्या रेषेवर राहते आणि तिचे वरखालीचे शॉट कमी झाले. मला खोल बरी वाटते, उजेडाच्या फटी उंच दिसतात. नवीन साईटला खोलीपण बदलते, पण त्याला वेगळी चावी लागते, आणि दर वेळी कोण चावी शोधणार, तेव्हा घरात लोकशाही नाही, मॅच खेळणाऱ्याची खोली चालते.

एक चूक मात्र आम्ही नवीन साईट आल्यावर केली ती सांगतोच. सगळंच बदलता येतंय म्हटल्यावर पोरगी दर दहा शॉटला काहीतरी बदलायला लागली. आठ गुणांचे दोन शॉट डावीकडं गेले की दोन क्लिक, उजेड कमी वाटला की रुंदी, सकाळी एक, दुपारी दुसरं. एका प्रॅक्टिसमध्ये मी मागून मोजलं, साठ शॉटमध्ये तिनं एकोणीस वेळा साईटला हात लावला. गुण अर्थातच घसरले, आणि ती म्हणायला लागली की जुनी साईट बरी होती. एका वाईट शॉटवर क्लिक फिरवला तर तुम्ही स्वतःची चूक साईटमध्ये कोरून ठेवता, मग पुढचा चांगला शॉट दुसऱ्या बाजूला जातो. सरांनी नियम घातला: झिरोचे शॉट चालू असताना काय ते करा, मोजायचे शॉट सुरू झाले की पाच शॉटचा ग्रुप एकाच बाजूला दिसल्याशिवाय क्लिक नाही, आणि रुंदीचा स्क्रू तर रेंजवर फिरवायचाच नाही, तो घरून फिरवून यायचा. उजेड फारच बदलला तर सरांना विचारायचं.

तो स्क्रू तिनं गपचूप फिरवू नये म्हणून मी काहीतरी लॉक करायचा विचार करत होतो, सरांनी ते दोन मिनिटांत मिटवलं. फिलर गेजनं ४.० लावलं आणि तिच्याच पर्समधली लाल नेलपॉलिश घेऊन स्क्रूच्या डोक्यावर आणि बाजूच्या पट्टीवर एक बारीक रेघ ओढली, दोन्ही जुळल्या की तिचं सेटिंग. माझ्यासाठी ४.४ ला दुसरी रेघ पाहिजे होती, नेलपॉलिश परत मागितली तर म्हणाली तुमचा रंग वेगळा पाहिजे. ऑफिसमधून पांढरी व्हाइटनर आणली. वायरकटच्या चार पट्ट्या आता रेंजवर एका काड्यापेटीत असतात, कुणाला आपलं माप बघायचं असेल तर घेऊन जातात, फक्त कापूर आपला आपण आणायचा.